सोनीबाई केंगले, जन्म एक जानेवारी

वरची वाडी, तळेघर
६ ऑगस्ट २०२३

चि. श्रेया हिस थोरल्या बाबाचे आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पाकीट पावसाने भिजले होते. मला आधी वाटले, काहीतरी वाईट आहे. तुझा बाप रामनाथ आजारी असेल, नाहीतर तुझी नोकरी गेली असेल. हातात धरून बसलो. तेव्हा तुझी थोरली आई म्हणाली, "उघडा की! वाईट असतं तर येवढं लांबलचक कोन लिव्हत बसलं असतं?"

फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितेस, हे बरे करतेस. नाहीतर आता मला कोण लिहिणार. माझ्या धाकट्या भावाची नात असून तू माझी आठवण ठेवतेस.

तू लिहिले आहेस की डोळ्यांचा एक दवाखाना आपल्या डोंगराकडच्या लोकांची फुकट ऑपरेशने करणार आहे आणि त्यांची नावे कॉम्प्युटरमध्ये घेण्याचे काम तुझ्याकडे आले आहे. आशाताई टॅबवर नाव भरणार. काय भरलेले चालेल आणि काय चालणार नाही, याचे नियम तू घालणार. त्यासाठी इकडच्या माणसांना काय विचारावे, ते तू मला विचारलेस. मी चौथी शिकलेला माणूस. माझे ऐकून तुझे काही चुकले तर, अशी धास्ती वाटते. तरी बघितले तेवढे लिहितो.

जन्मतारीख सक्तीची करशील तर कर, पण खरी मिळणार नाही. आधार कार्ड काढायला माणूस आला होता, त्याने बायकांच्या तोंडाकडे बघून साल ठरवले आणि तारीख सगळ्यांना एक जानेवारी दिली. आमच्या डोंगरातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकाच दिवशी जन्मल्या. थोरली आई म्हणते, "माजा वाडदिवस असला की समद्या दुनियेत फटाके वाजत्यात."

दुसरे नवऱ्याच्या नावाचे. ते सक्तीचे करू नको, बाई. मागच्या शिबिरात सरूबाईला साहेबाने नवऱ्याचे नाव विचारले. ती घेईना. साहेब ओरडला. तिने मागच्या बाईला खूण केली की तू सांग. मागे तिची धाकटी जाऊ. ती थोरल्या दिराचे नाव कसे घेणार? दोघी पदर तोंडाला लावून उभ्या आणि साहेब म्हणतो, "बाई, नवरा आहे का नाही ते तरी सांगा!" सगळे हसले. सरूबाई मात्र नाव न नोंदवता घरी आली. तिच्या डोळ्याला अजून औषध नाही.

मोबाईल नंबर सगळ्यांचा एकच असेल, आशाताई मंगलचा. रेंज टेकडावर गेल्याशिवाय येत नाही.

काही वावगे लिहिले असेल तर माफ कर. नियम तुझ्या साहेबांना दाखवून मगच घाल.

तुझा
भिका केंगले

---

पुणे
२७ ऑगस्ट २०२३

ती. थोरले बाबा,

तुमचे पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवले. एक जानेवारीच्या फटाक्यांवर आमचे साहेबसुद्धा हसले. मग मी सरूबाईंचे वाचले. त्यांनी तिथल्या तिथे सांगितले, पतीचे नाव सक्तीचे ठेवायचे नाही. म्हणजे तुम्ही नियम बदललात, बाबा!

तुम्हाला सगळे समजून घ्यायला आवडते म्हणून लिहिते. मंगलताई टॅबवर भरतील ती माहिती पुण्यात एका मोठ्या कॉम्प्युटरकडे येते. त्याला सर्व्हर म्हणतात. तिथे मी प्रत्येक माणसाचा एक साचा केला आहे. नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, मोबाईल, असे त्याचे कप्पे. प्रत्येक कप्प्याला नियम लावले आहेत. नाव रिकामे चालणार नाही. जन्मतारीख पुढच्या वर्षाची चालणार नाही. मोबाईलचे आकडे कमी पडले तर चालणार नाही. नियमात बसले तरच माहिती आत जाते. टॅबवरही थोडी तपासणी होते, पण खरा निकाल सर्व्हरवरच लागतो.

आणखी एक नियम दवाखान्याने मुद्दाम मागितला. एकच माणूस दोन शिबिरांत नाव घालतो आणि दोन जणांची जागा अडवतो. आधार नंबर साठवायला दवाखान्याची परवानगी नाही. म्हणून नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख चारही जुळले तर दुसरी नोंद घ्यायची नाही, असे मी लिहिले. आधी त्यात पतीचे नावही होते. पण ते एकदा भरले आणि एकदा सोडले तर एकाच बाईच्या दोन नोंदी होतील. म्हणून काढले.

असे काही अडले की कॉम्प्युटर आपले ठरलेले इंग्रजी वाक्य दाखवतो. मी बसून सगळी वाक्ये मराठी केली आहेत. मंगलताईंना सोपे जाईल.

थोरल्या आईला नमस्कार. तिच्या हातची नाचणीची भाकरी आठवते. कामातून सुटका झाली की येते.

तुमची
श्रेया

---

वरची वाडी, तळेघर
२२ ऑक्टोबर २०२३

चि. श्रेयास आशीर्वाद.

मी मुद्दाम लवकर लिहीत नव्हतो. तुला काळजी नको म्हणून. पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझ्या थोरल्या आईला बाजूचे दिसत नाही. समोरचे दिसते. दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो. हंड्यात पाणी ओतते ते हंड्याच्या बाहेर जाते. मी ओरडायचो की लक्ष कुठे आहे. ती म्हणायची, "म्हातारी झाले, हात थरथरत्यात." हात थरथरत नव्हते. ती मला सांगत नव्हती.

मागच्या आठवड्यात त्याच दवाखान्याचे शिबिर झाले. डॉक्टरीणबाईने यंत्र लावून बघितले. म्हणाल्या, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली शीर मरते. मेली की परत जिवंत होत नाही. उजवा डोळा गेल्यात जमा. डावा वाचेल, पण दिवाळीनंतर लगेच ऑपरेशन व्हायला हवे. नाव नोंदवा, बोलावणे येईल. तोवर घालायला थेंब दिले.

मंगल तिला घेऊन टेकडावर गेली आणि टॅबवर नाव भरले. नवऱ्याचे नाव भरले नाही. ते आता सक्तीचे नाही, आणि रेंज जायच्या आत उरकायचे होते. भरून बटण दाबले तर लाल अक्षरात आले, "ही नोंद आधीच आहे."

मी घाबरलो. म्हटले, लाल अक्षर आले म्हणजे काहीतरी चुकले. पण मंगल म्हणाली, "बाबा, तुमी लईच घाबरता. डॉक्टरीणबायनं शिबिरातच लॅपटॉपवर नाव घातलं आसंल. म्हून आधीच हाय म्हनतंय. चांगलंच झालं की!" तुझी थोरली आईही म्हणाली, "पोरीनं केल्यालं यंत्र हाय. आपल्याला वळखलं आसंल."

तरी मला रात्रंदिवस तेच सुचते. दोनदा नाव घातले म्हणून दवाखाना आमच्यावर रागावणार नाही ना? तू लिहिले होतेस की काही लोक दुसऱ्याची जागा अडवतात. आम्ही तसे नाही. तुला विचारून घेतलेले बरे.

तुझा
थोरला बाबा

---

पुणे
९ नोव्हेंबर २०२३

ती. थोरले बाबा,

पत्र वाचून रडू आले. थोरल्या आईने इतके दिवस लपवले? पण वेळेत दाखवलेत, हे फार चांगले केलेत.

नावाची अजिबात काळजी करू नका. कॉम्प्युटर "ही नोंद आधीच आहे" म्हणतो तेव्हा ती नक्की असते. तो अंदाजाने बोलत नाही. मंगलताई म्हणतात तसे शिबिरातच नाव घातले असणार. कोणी रागावणार नाही. दवाखान्यात डॉक्टर गरजेप्रमाणे क्रम लावतात, त्यात मी बोलणे बरे दिसणार नाही. पण काचबिंदूला ते लवकर बोलावतात असे ऐकले आहे.

फक्त थेंब चुकवू नका. आणि तिला चुलीच्या धुरात बसू देऊ नका.

सध्या दुसऱ्या जिल्ह्याचे काम चालू आहे, रविवारीही ऑफिस असते. तरी दिवाळीत मनाने मी तिथेच असेन.

श्रेया

---

वरची वाडी, तळेघर
१४ जानेवारी २०२४

चि. श्रेयास आशीर्वाद.

उद्या संक्रांत. तीळगूळ पाठवता येत नाही, पत्र पाठवतो.

बोलावणे आलेले नाही. भात झोडून झाले, नाचणी घरात आली, तरी नाही. थेंब संपले. घोडेगावला जाऊन आणले, ते वेगळ्या नावाचे मिळाले. घालावेत का नाही कळेना. घालतो.

मंगल म्हणते थांबा, यादी मोठी असणार. मी थांबतो. तू सांगितले आहेस की नाव आहे, म्हणून थांबतो. पण एक गोष्ट मनाला खाते. खालच्या वाडीतल्या सोनीबाईला मागच्या महिन्यात बोलावले. दादाभाऊची म्हातारी. ती आणि तुझी थोरली आई एका वयाच्या, दोघींचे नाव एक, आडनाव एक. नाव नेमके कधी घातले माहीत नाही, तिचा मुलगा गोरख मंचरला असतो, त्याने तिकडेच शिबिरात घातले. तिला मोतीबिंदू. ऑपरेशन झाले. काळा चष्मा लावून ती परवा भेटायला आली. तुझ्या थोरल्या आईला म्हणाली, "सोने, तुज्या गालावरला तीळ दिसाया लागला गं मला!" तुझी थोरली आई हसली. म्हणाली, "मला तुजं तोंडच दिसना, तीळ कशाला शोधू?"

तिचा नंबर आधी लागला याचे मला वाईट वाटत नाही. कोणाचा तरी लागला. पण मोतीबिंदू थांबतो, काचबिंदू थांबत नाही असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग आधी कोणाला बोलवायचे?

मी तक्रार करत नाही. तुझ्या नोकरीला बाधा येईल असे काही करू नको. फक्त ते नाव आहे ना, एवढे एकदा बघशील का?

तुझा
थोरला बाबा

---

पुणे
२४ जानेवारी २०२४

ती. थोरले बाबा,

हे पत्र पोचेल तोवर माझे बाबा गाडी घेऊन तुमच्याकडे येऊन गेले असतील आणि थोरली आई दवाखान्यात असेल. मंगलताईंनाही फोन केला आहे. तरी हे लिहायचे आहे. फोनवर तुम्हाला ऐकू जाणार नाही आणि मला हे ओरडून सांगता येणार नाही.

नाव नाही. कधीच नव्हते.

जी नोंद आधीच होती ती खालच्या वाडीच्या सोनीबाईंची. सोनीबाई. केंगले. गाव तेच, कारण दोन्ही वाड्या एकाच गावात. जन्म एक जानेवारी, आणि तोंडाकडे बघून लिहिलेले सालही तेच. चारही कप्पे जुळले. माझ्या नियमाला वाटले, एकच बाई दुसऱ्यांदा आली आहे. त्याने थोरल्या आईला दारातून परत पाठवले, आणि मी लिहिलेल्या वाक्याने तुम्हाला सांगितले की ती आत आहे.

तुम्ही मला आधीच लिहिले होते, बाबा. सगळ्या म्हाताऱ्या एकाच दिवशी जन्मल्या असे स्पष्ट लिहिले होते. मी हसले, सगळ्यांना वाचून दाखवले आणि त्याच आठवड्यात तो नियम लिहिला. ऑक्टोबरमध्ये तुम्ही पुन्हा विचारलेत. नाव बघायला मला पाच मिनिटे लागली नसती. मी न बघता तुम्हाला धीर दिला.

नियम आज काढून टाकला. आता चारही जुळले तरी नोंद होते आणि दवाखान्यातला माणूस फोन करून विचारतो. वाक्यही बदलले. असेच आणखी किती जण परत गेले, ते शोधत आहे. सापडत आहेत.

तुम्ही मला काही म्हणालात तरी चालेल.

श्रेया

---

वरची वाडी, तळेघर
१८ फेब्रुवारी २०२४

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप घरी आलो. रामनाथने फार केले. दवाखान्यात तिला उचलून घेऊन जिना चढला. तुला आल्यावर सगळे सांगितले असेलच, तरी लिहितो.

ऑपरेशन केले. दाब उतरला. दुखायचे थांबले. डॉक्टरीणबाईने मला बाहेर बोलावून कागदावर लिहून दाखवले, कारण मला नीट ऐकू येत नाही. "दुखणे थांबेल. गेलेली नजर येणार नाही." मी तो कागद घडी करून त्यांनाच परत दिला. मला घरी न्यायचा नव्हता.

डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो. दारात माणूस उभा राहिला तर सावली कळते. कोण ते कळत नाही.

तुझे पत्र मी घरात वाचत बसलो होतो. ती म्हणाली, "मोट्यानं वाचा." मी पुण्यातली थंडी, तुझे ऑफिस असे काहीबाही वाचले. ती म्हणाली, "थंडीवर येवढं मोटं पत्र?" मी म्हणालो, हो. पुढे तिने विचारले नाही. मंगल रोज येते आणि रडते, त्यावरून तिला काय कळायचे ते कळले असेल. मी मंगलला सांगतो, बाई, तू रडू नको, नवऱ्याचे नाव काढायला मीच सांगितले होते. मग ती जास्त रडते.

तू मला काही म्हणा असे लिहिलेस. काय म्हणू? तू परकी असतीस तर दवाखान्यासमोर जाऊन ओरडलो असतो. रात्री झोप येत नाही तेव्हा तुझ्यावर राग येतो, हे खोटे कशाला सांगू. सकाळी जातो. तुझी नोकरी राहिली का? रामनाथने नीट सांगितले नाही. ती सोडू नको. राहिलेल्या माणसांना शोध.

थोरली आई विचारते, पोर कधी येणार. शाळेत असताना आली होती, तेव्हाचे तोंड तिच्या ध्यानात आहे. जमले तर ये. रस्त्यापासून चढ आहे, सकाळच्या बसने ये म्हणजे ऊन लागणार नाही.

तुझा
थोरला बाबा

---

पुणे
७ एप्रिल २०२४

ती. थोरले बाबा,

परवा तुमच्याकडून निघाले ती बसमध्ये सगळा वेळ रडत होते. पण ते रडणे वेगळे होते.

मी माफी मागायची म्हणून आले होते. चढ चढताना वाक्ये पाठ करत होते. आणि आत पाऊल टाकले तशी थोरली आई म्हणाली, "ये गं. हिरवा रंग शोभतो की तुला! पर केस का कापलंस?" मी सगळे विसरले. तिने मला पाहिले, बाबा! तुमच्या पत्रात नुसती सावली कळते असे होते. रंग कळला, केस कळले. पिवळ्या ओढणीला हात लावून म्हणाली, शेवंतीसारखी आहे.

मला तिने माफीचे बोलूच दिले नाही. भाकरी खा, ताक पी, तुझ्या ऑफिसात बायका किती, हेच विचारत राहिली.

काल डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, असे सहसा होत नाही, पण रंग ओळखत असतील तर पुन्हा तपासायला हवे. मी गुरुवारची, १८ तारखेची वेळ घेतली आहे. आमचे बाबा गाडी घेऊन येतील. थोडी जरी नजर असली तरी ती आपण वाचवू. कित्येक महिन्यांनी मला झोप लागली.

तुमची
श्रेया

---

वरची वाडी, तळेघर
११ एप्रिल २०२४

चि. श्रेयास आशीर्वाद.

तुझे पत्र आज दुपारी आले. तेव्हापासून लिहू का नको करत आहे. तुला सांगू नका असे तिने मला बजावले होते. पण तू डॉक्टरांची वेळ घेतलीस. रामनाथला रजा पडेल, हिला तो चढ उतरावा लागेल, आणि त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून ती पुन्हा "न्हाई दिसत, न्हाई दिसत" म्हणत बसेल. ते मला बघवणार नाही. गुरुवारची वेळ दुसऱ्या कोणाला तरी दे.

तू आलीस तेव्हा बाहेर दगडावर पाय धूत होतीस. तिने मला आत बोलावले आणि माझ्या कानाशी तोंड आणून विचारले, "पोरीनं काय घातलंय?"

मी सांगितले, हिरवा ड्रेस. ओढणी पिवळी, शेवंतीसारखी.

"केस?"

कापलेत, खांद्यापर्यंत.

"बरं. आता गप ऱ्हावा," म्हणाली आणि पदर सारखा करून दाराकडे तोंड करून बसली.

तू गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. म्हटले, पोरीला कशाला फसवलेस? तर ती म्हणाली, "येवड्या लांबनं, येवडं वझं घिऊन आली व्हती. तशीच माघारी धाडायची व्हती का?"

तुझा
थोरला बाबा